खेळाला पैसे किती लागतात? वणीतल्या दिव्यांग खेळाडूचा वर्षाचा हिशोब

घरातल्या दिव्यांग मुलाला किंवा मोठ्या माणसाला खेळायला पाठवायचं ठरलं, की पहिली चौकशी सामानाची होते. खेळाची व्हीलचेअर दोन-तीन लाखांची, धावायचं ब्लेड त्याहून महाग, असं कुणीतरी सांगतं आणि विषय तिथेच मिटतो. खरं तर पहिल्या वर्षी यातलं काहीच लागत नाही. पहिल्या वर्षाचा पैसा तीन वाटांनी जातो: मैदानापर्यंतचं जाणं-येणं, सोबत येणाऱ्याची बुडालेली मजुरी आणि घाईने घेतलेलं सामान. एसटीच्या प्रवासाचा खर्च सवलतींनी निम्म्याहून खाली येतो. मजुरीचं नुकसान चार घरांनी एकत्र येऊन वाटून घेता येतं. घाईचं सामान तर घ्यायचंच नाही.

मोजपट्टी म्हणून एक रक्कम डोळ्यांसमोर ठेवू. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांना मिळणारं मानधन २०२५ मध्ये १,५०० वरून २,५०० रुपये महिना झालं, म्हणजे वर्षाचे ३०,०००. हा पैसा किराण्याचा आणि औषधाचा आहे, तो खेळावर उडवा असं कुणी म्हणणार नाही. पण खेळाचा खर्च त्याच्या किती वाट्यात बसतो, हे कळलं की निर्णय सोपा होतो. खाली दिलेले बाजारभाव ढोबळ आहेत. खरेदीआधी वणीत एक आणि चंद्रपूर किंवा नागपुरात एक, अशा दोन दुकानांत विचारून घ्या.

१. कागद आधी: यूडीआयडी कार्ड

सगळ्या सवलतींची किल्ली म्हणजे दिव्यांगत्वाचं सरकारी ओळखपत्र, यूडीआयडी कार्ड. अर्ज केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर करायचा. अर्जालाही शुल्क नाही आणि कार्डालाही नाही. तपासणी सरकारी वैद्यकीय मंडळ करतं. जिल्ह्यात त्याचं मोठं ठिकाण म्हणजे यवतमाळचं श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. कार्डाचा रंग टक्केवारीप्रमाणे ठरतो: ४० टक्क्यांच्या आत पांढरा, ४० ते ८० पर्यंत पिवळा, त्यावर निळा. बहुतेक सवलती ४० टक्क्यांपासून सुरू होतात.

खर्च: सेवा केंद्रात अर्ज भरून घेतला तर ५० ते १०० रुपये, फोटो-झेरॉक्सचे तेवढेच आणि यवतमाळच्या एक-दोन खेपा. “टक्केवारी वाढवून देतो” म्हणून हजारात पैसे मागणारा भेटला तर उठून या. टक्केवारी जास्त दाखवली म्हणून खेळात फायदा होत नाही. खेळातला गट वेगळ्या तपासणीवर ठरतो, ते पुढे येईलच.

आपल्या भागात एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकूण २१ प्रकार आहेत आणि त्यांत सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलियाही आहेत. वणी, मारेगाव, झरी जामणी या पट्ट्यात सिकलसेलचे रुग्ण अनेक घरांत आहेत. कार्ड फक्त हातापायाच्या अपंगत्वाला मिळतं, या समजुतीने त्यांतले कितीतरी जण अर्जच करत नाहीत.

२. जाणं-येणं: सगळ्यात मोठा खर्च, सगळ्यात मोठी सवलत

एसटी: जानेवारी २०२५ च्या भाडेवाढीनंतर साध्या बसचं भाडं ६ किलोमीटरच्या टप्प्याला १०.०५ रुपये झालं. त्या दराने वणी-यवतमाळ हे सुमारे ११० किलोमीटरचं अंतर एका बाजूने १९० रुपयांच्या आसपास पडतं. दिव्यांग प्रवाशाला साध्या बसमध्ये ७५ टक्के सवलत आहे, म्हणजे तिकीट ४८ रुपयांच्या घरात येतं. दिव्यांगत्व ६५ टक्क्यांच्या वर असेल तर सोबत्याला ५० टक्के सवलत मिळते. सोबत आई किंवा बहीण असेल तर टक्केवारीचा प्रश्नच येत नाही, कारण मार्च २०२३ पासून सगळ्याच महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे. मात्र एका माणसाला दोन सवलती जोडून मिळत नाहीत.

दोघांचा यवतमाळचा जाऊन-येऊन हिशोब असा: सवलतीशिवाय ७६० रुपये, सवलतीसह सुमारे २९०. एका फेरीत ४७० रुपये वाचतात. कार्ड घरी विसरलं तर तेवढाच फटका बसतो.

रेल्वे: वणी स्टेशन माजरी-आदिलाबाद मार्गावर आहे आणि नंदिग्राम एक्सप्रेसने मुंबईपर्यंत थेट जाता येतं. राज्य स्पर्धेला पुण्या-मुंबईकडे जायचं झालं तर रेल्वेच स्वस्त. सोबत्याशिवाय प्रवास करू न शकणारे अस्थिव्यंग, पूर्ण अंध आणि बौद्धिक अक्षमता असलेले प्रवासी यांना सेकंड, स्लीपर आणि थर्ड एसीत मूळ भाड्यावर ७५ टक्के सवलत आहे, आणि सोबत्यालाही तितकीच. ऐकणं आणि बोलणं दोन्ही नसलेल्यांना सेकंड आणि स्लीपरमध्ये ५० टक्के. यासाठी रेल्वेचं वेगळं फोटो ओळखपत्र काढावं लागतं आणि त्याचा अर्ज आता ऑनलाइन होतो. स्पर्धा ठरल्यावर धावपळ करण्यापेक्षा ते आधीच काढून ठेवा.

गावातला ऑटो: इथे सवलत नाही आणि वर्षाचा सगळ्यात मोठा आकडा इथेच तयार होतो. सीटवर गेलं तर माणशी १० ते २० रुपये, ऑटो पूर्ण केला तर ८० ते १५०. आठवड्यातून चार दिवस पूर्ण ऑटो केला तर जाऊन-येऊन महिन्याला अडीच हजारांच्या वर गेलेच. म्हणून खेळाडूने आधी आपल्या भागातला सोबती शोधावा. चिखलगावकडून येणारे तिघे एका ऑटोत आले तर खर्च तिसऱ्या हिश्श्यावर येतो आणि तीन आयांपैकी एकीनेच त्या दिवशीचं काम सोडलं तरी भागतं. शेतमजुरीचा एक दिवस म्हणजे घरातून गेलेले अडीचशे-तीनशे रुपये. हा आकडा कुणी वहीत लिहीत नाही, पण खेळ सुटतो तो बहुतेकदा याच कारणाने.

३. मैदान आणि तब्येत

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत पहिल्यांदाच दिव्यांगांसाठी वेगळा भाग दिला. प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम करावा आणि दोन दिवस ताकदीचा, मुलांनी रोज सरासरी तासभर खेळावं. १५० मिनिटं म्हणजे पाच दिवस रोज अर्धा तास. यासाठी संकुल लागत नाही. शासकीय मैदान, शाळा-कॉलेजचं मैदान, नाहीतर वस्तीतला सपाट रस्ता पुरतो. कोळशाचे ट्रक धावतात त्या घुग्गुस रोडसारख्या रस्त्यांच्या कडेला मात्र धावू नका. धूळ आणि वाहतूक, दोन्ही वाईट.

वेळ महत्त्वाची. मे महिन्यात इथे पारा ४५ च्या पुढे जातो, म्हणून उन्हाळ्यात सकाळी सात वाजता मैदान रिकामं झालेलं असावं. मणक्याला इजा झालेल्या माणसाला इजेच्या खालच्या भागात घाम येत नाही, त्यामुळे अंग तापतं ते कळतच नाही. पाण्याची फवाऱ्याची बाटली (५० ते १०० रुपये) आणि ओला पंचा, एवढ्याने मोठा धोका टळतो.

सुरुवातीआधी एकदा डॉक्टरला दाखवा. ग्रामीण रुग्णालयात नाममात्र पैशांत होतं, खासगीत २०० ते ५०० रुपये. विचारायचं ते असं:

- डाउन सिंड्रोम: मानेच्या वरच्या मणक्यांत ढिलेपणा आहे का? उड्या, कोलांट्या, सूर मारणं यांआधी ही तपासणी हवी. मानेच्या एक्स-रेला ३०० ते ५०० रुपये.
- मणक्याची इजा, छातीच्या वरच्या भागात: व्यायामात अचानक डोकं ठणकलं, चेहरा लाल झाला तर लगेच थांबून ताठ बसवा आणि लघवीची नळी दुमडली आहे का ते आधी पाहा. रक्तदाब झपाट्याने वाढल्याची ती खूण असू शकते. नळी मोकळी करूनही आराम पडला नाही तर थेट दवाखाना गाठा. बसून खेळणाऱ्याने दर १५-२० मिनिटांनी हातांवर अंग उचलायचं, नाहीतर बैठकीला जखम होते. जखमेच्या उपचाराचे महिने आणि पैसे खेळाच्या खर्चापेक्षा कितीतरी जास्त.
- सिकलसेल: खेळ बंद करायची गरज नाही, पण दमछाक करणारी शर्यत, भर ऊन आणि कमी पाणी हे तिन्ही टाळायचे. दर दहा-पंधरा मिनिटांनी पाणी प्यायचं. अंग दुखू लागलं तर “थोडं सहन कर” म्हणायचं नाही.
- फिट येणारे: औषध चुकलेल्या दिवशी मैदान नाही. एकट्याने पोहणं कधीच नाही.

फिजिओथेरपिस्टची एक खेप दवाखान्यात २०० ते ४०० रुपये, घरी बोलावलं तर ४०० ते ७००. रोज जाण्यापेक्षा महिन्यातून एकदा जा, घरी करायचे व्यायाम लिहून घ्या आणि मोबाइलवर चित्रण करून ठेवा. नागपूरला दिव्यांगांसाठी केंद्र सरकारचं संयुक्त क्षेत्रीय केंद्र आहे. थेरपी, कृत्रिम अवयव, सहायक साधनं यांचा सल्ला तिथे एकाच ठिकाणी मिळतो. नागपूरला दुसऱ्या कामाने जाणार असाल तर ते काम जोडून घ्या.

ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असेल तर राष्ट्रीय न्यासाचा ‘निरामय’ विमा काढाच. नव्या नोंदणीला दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला २५० आणि इतरांना ५०० रुपये. वर्षाला एक लाखापर्यंत संरक्षण मिळतं आणि थेरपीचा खर्चही त्यात धरतात.

मुरलीकांत पेटकरांचं उदाहरण इथे घेण्यासारखं आहे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्यावर ते पाण्यात उतरले ते उपचार म्हणून. १९७२ मध्ये हायडलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण मिळालं ते नंतर. आधी अंग हलतं करायचं, स्पर्धेचं पुढे पाहता येतं.

४. कोणत्या खेळाला काय लागतं

गोळाफेक, थाळीफेक: तालुक्याच्या गावासाठी सगळ्यात परवडणारा खेळ. पॅरिसच्या पॅरालिम्पिकमध्ये २०२४ ला सांगली जिल्ह्यातल्या सचिन खिलारीने १६.३२ मीटर फेकून रौप्य मिळवलं ते हाताचं अपंगत्व असलेल्यांच्या एफ-४६ गटात, ६ किलोच्या गोळ्याने. बसून फेकणाऱ्या एफ-५७ गटातल्या पुरुषांना गोळा ४ किलोचा असतो. लोखंडी गोळा ५०० ते ९००, एक किलोची थाळी ६०० ते १,२०० रुपये.

बसून फेकायला बैठक लागते, ती विकत मागवू नका. वणीत कोळसा-सिमेंटच्या कामांमुळे वेल्डिंगचे चांगले कारागीर आहेत. त्यांना नियम सांगून बनवून घ्या: बसायची जागा चौकोनी, प्रत्येक बाजू किमान ३० सेंटिमीटर, गादी धरून जमिनीपासून उंची जास्तीत जास्त ७५ सेंटिमीटर. धरायचा दांडा लावला तर तो सरळ, एकसंध, गोल किंवा चौरस. स्प्रिंग नको, हलणारा भाग नको. लोखंड आणि मजुरी धरून ६ ते १० हजार. एक बैठक चौघांत पुरते. जमिनीत रोवायचे खुंटे आणि बांधायचे पट्टे यांचे वेगळे ५००-१,०००.

धावणं: बूट ८०० ते २,००० आणि रोज धावलं तर वर्षाला दोन जोड. पूर्ण अंध धावपटूबरोबर वाटाड्या धावतो. दोघांमधली दोरी ताणल्यावर ३० सेंटिमीटरपेक्षा लांब नको. सरावाला बुटाची नाडी चालते, खर्च शून्य. डोळ्यांवरच्या काळ्या पट्टीचे १५०-३००. वाटाड्या म्हणून लोकमान्य टिळक महाविद्यालयातला किंवा पोलीस भरतीची तयारी करणारा एखादा पोरगा शोधा. त्याला रोज धावायचंच असतं. सिंथेटिक ट्रॅकचा अनुभव हवा तर जवळचं ठिकाण बल्लारपूरजवळचं विसापूर. तिथल्या तालुका क्रीडा संकुलात डिसेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय शालेय मैदानी स्पर्धा झाल्या. वर्षातून तीन-चार खेपा पुरेत.

पॉवरलिफ्टिंग: पॅरा प्रकारात फक्त बेंच प्रेस असतो. गावातल्या जिमचे महिन्याला ५०० ते १,०००. पायरी किती, दार किती रुंद, संडास कुठे, हे पाहून मगच पैसे भरा. वर्षाचे एकदम भरू नका, आधी एक महिना पाहा. सप्टेंबर २०२५ पासून जिमच्या शुल्कावरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा पावतीवर १८ टक्के दिसले तर विचारा.

बॅडमिंटन: रॅकेट ७०० ते २,०००, प्लास्टिक शटलची डबी ४०० ते ६००. हॉलचं भाडं हा खरा खर्च. उभ्याने खेळणाऱ्यांना सुरुवात उघड्यावर, पहाटे वारा नसताना करता येते.

अंधांचं क्रिकेट: आत छर्रे असलेला आवाजाचा प्लास्टिक चेंडू, दोन-चारशे रुपयांत. गोलंदाजी खालून सरपटती. संघात पूर्ण अंध किमान चार लागतात, म्हणून एकट्या वणीत संघ जमणं कठीण. नदीपलीकडे वरोऱ्याच्या आनंदवनात अंध आणि मूकबधिर विद्यालयं आहेत. तिथल्या क्रीडाशिक्षकांशी बोलून संयुक्त सराव ठरवणं सोपं. घराबाहेर पडणं जमतच नसेल तर बुद्धिबळ: काळी घरं उंच आणि सोंगट्या भोकात बसणाऱ्या, असा पट साधारण हजाराच्या आत मिळतो.

बोचिया: सेरेब्रल पाल्सीमुळे हालचाल फार मर्यादित असलेल्यांसाठी. सहा लाल, सहा निळे आणि एक पांढरा चेंडू. स्पर्धेचा संच २५ हजारांच्या पुढे जातो. चांभाराकडून रेक्झिनचे चेंडू शिवून, आत वाळू-भुसा भरून हजार-दीड हजारात सराव सुरू होतो. नियमाचा चेंडू २७५ ग्रॅमचा, म्हणून किराणा दुकानाच्या काट्यावर वजन पाहून घ्या.

कर्णबधिर: वेगळं सामान काहीच नाही. शिट्टीऐवजी रंगीत रुमाल लागतो आणि तो दाखवायचं लक्षात ठेवणारा पंच. मूकबधिरांच्या अधिकृत स्पर्धांत चांगल्या कानाची श्रवणहानी किमान ५५ डेसिबल असावी लागते आणि खेळताना श्रवणयंत्र काढून ठेवायचं असतं. खासगीत ऑडिओग्रामचे ३०० ते ६००, सरकारी दवाखान्यात जवळपास फुकट.

बौद्धिक अक्षमता: स्पेशल ऑलिम्पिक्समध्ये आठव्या वर्षापासून स्पर्धा खेळता येतात आणि खेळाडूकडून शुल्क घ्यायचं नाही, असा त्या संघटनेचा जगभरचा नियम आहे. कुणी मागितलंच तर नियमाची आठवण द्या.

आणि एक बारीक खर्च, जो सगळे विसरतात: कुबडीच्या टोकाचं रबर. झिजलेलं रबर ओल्या फरशीवर सरकतं. जोडी ६० ते १२० रुपयांत मिळते. खेळणाऱ्याने दर तीन महिन्यांनी बदलावी.

५. मोठं सामान: थांबा, आधी गट ठरू द्या

पॅरा खेळांत प्रवेश दहा ठरावीक प्रकारच्या अपंगत्वांना आहे आणि प्रत्येक खेळात गट वेगळे. गट ठरवतात प्रशिक्षित तपासनीस, राज्य किंवा राष्ट्रीय स्पर्धेच्या वेळी. ४० टक्क्यांचं प्रमाणपत्र असूनही खेळात पात्र न ठरणं शक्य आहे. उभ्याने फेकायचा विचार असलेल्याला बसून फेकायचा गट मिळणंही शक्य आहे. सिकलसेल या दहांत बसत नाही. त्यांच्यासाठी खेळ तब्येतीसाठी आणि सर्वसाधारण स्पर्धांसाठी. म्हणून गट ठरण्याआधी २० हजारांच्या वरची कोणतीही वस्तू घेऊ नये.

नंतर लागलीच तर क्रम असा:

- रोजची व्हीलचेअर, कृत्रिम पाय, कॅलिपर, तीनचाकी: केंद्राच्या एडीआयपी योजनेत मासिक उत्पन्न २२,५०० पर्यंत असेल तर पूर्ण मोफत, ३०,००० पर्यंत निम्मी किंमत. तालुक्यात तपासणी शिबिर लागतं तेव्हा नाव नोंदवा, वाटप नंतर होतं. जयपूर फूट बसवणारी भगवान महावीर विकलांग सहायता समिती १९७५ पासून पाय मोफत देते.
- नगरपरिषदेचा आणि ग्रामपंचायतीचा ५ टक्के निधी: महाराष्ट्रात स्थानिक संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. एकट्याने अर्ज केला तर एकाचंच काम होतं. आठ-दहा जणांनी सह्या करून फेकायच्या बैठका, मैदानाला उतरंड आणि वापरता येईल असा संडास मागितला तर ते सगळ्यांच्या उपयोगाचं. अर्जाची पोच घ्या.
- चपळ व्हीलचेअर: बाजारातली घडीची खुर्ची ६ ते ९ हजार, पण खेळायला जड. आयआयटी मद्रासमध्ये तयार झालेली, मापाप्रमाणे बनणारी निओफ्लाय २०२० मध्ये ३९,९०० रुपयांना बाजारात आली. खास बास्केटबॉल किंवा शर्यतीच्या आयात खुर्च्या दोन लाखांच्या पुढेच. त्या वैयक्तिक खरेदीच्या नव्हेत, संस्थेच्या किंवा प्रायोजकाच्या.

व्हीलचेअरवर जीएसटी ५ टक्के आहे, हे बिल करताना लक्षात ठेवा. सुटे भाग आणि टायर-ट्यूब वणीतल्या सायकल दुकानात मिळतात का, हे खुर्ची घेण्याआधी पाहा. खुर्ची स्वस्त आणि दुरुस्ती नागपुरात, हा सौदा महागच पडतो.

६. स्पर्धा: कुठे भरायचं, कुठे नाही

विशेष शाळांतल्या मुलांच्या जिल्हा स्पर्धा जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागाकडून साधारण ३ डिसेंबरच्या जागतिक दिव्यांग दिनाच्या आसपास होतात. मूल नेहमीच्या शाळेत असेल तर पंचायत समितीच्या गट साधन केंद्रातल्या समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांना भेटा. पुढचा रस्ता यवतमाळच्या जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयातून राज्य पॅरा संघटना, मग पॅरालिम्पिक समितीच्या राष्ट्रीय स्पर्धा, असा आहे. खेलो इंडिया पॅरा स्पर्धा २०२३ मध्ये दिल्लीत सुरू झाल्या आणि दुसरी खेप मार्च २०२५ मध्ये झाली. खेलो इंडियाची शिष्यवृत्ती मिळालेल्या खेळाडूला महिन्याला १०,००० रुपये हातखर्च मिळतो.

फसवणूक नेमकी इथे होते. दिव्यांगांच्या नावाने चालणाऱ्या संघटना पुष्कळ. कुणी “थेट आंतरराष्ट्रीय निवड” म्हणून शेजारच्या देशातल्या स्पर्धेसाठी २०-३० हजार मागतं. जिल्हा नाही, राज्य नाही आणि एकदम परदेश, असं असेल तर शंका घ्या. क्रीडा मंत्रालयाच्या मान्यताप्राप्त महासंघांच्या यादीत नाव आहे का, ते जिल्हा क्रीडा कार्यालयात विचारा. मान्यता नसलेल्या स्पर्धेचं प्रमाणपत्र नोकरीतल्या ५ टक्के खेळाडू आरक्षणाला उपयोगी पडत नाही. पैसे भरले तर पावती संस्थेच्या नावाची हवी, एखाद्याच्या मोबाइल खात्यावर नको.

खरी निवड झाली तरी हातात पैसे लागतात. अमरावतीची अंध जलतरणपटू कांचनमाला पांडे जुलै २०१७ मध्ये बर्लिनच्या स्पर्धेला गेली तेव्हा मंजूर झालेली सरकारी मदत वेळेत पोहोचली नाही आणि तिला परदेशात उसनवारी करावी लागली. तिथून पात्र होऊन त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मेक्सिकोच्या जागतिक स्पर्धेत तिने २०० मीटर मेडलेचं सुवर्ण जिंकलं. नागपुरात रिझर्व्ह बँकेची नोकरी असलेल्या खेळाडूची ही गत. तेव्हा राज्य स्पर्धेचा प्रवास, राहणं, जेवण यांसाठी माणशी तीन-चार हजार आधीच बाजूला ठेवा. परतफेड मिळेल म्हणतात तिथे प्रत्येक तिकीट आणि बिल जपून ठेवा.

७. तीन हिशोब

उदाहरणादाखल, पहिल्या वर्षाचे, राज्य स्पर्धा न धरता.

पोलिओग्रस्त तरुण, बसून गोळा-थाळी फेकणारा. मैदानावर स्वतःच्या तीनचाकीने येतो.
गोळा ७००, थाळी ९००, बैठकीचा चौथा हिस्सा २,०००, पट्टे ५००, कुबडीची रबरं ४००, यवतमाळच्या तीन फेऱ्या २९० आणि जेवण ३००. एकूण ५,०९०. सहा महिने जिम धरली तर आणखी ३,६००.

अंध शाळकरी मुलगी, धावणं आणि बुद्धिबळ. सोबत बहीण किंवा आई.
बुटांचे दोन जोड २,४००, डोळ्यांची पट्टी २००, पट ८००, ४० आठवडे चार-चार दिवस सीटचा ऑटो (दोघींचे जाऊन-येऊन ४०) ६,४००. ट्रॅकसाठी चंद्रपूरकडच्या चार फेऱ्या: एसटी ६००, तिथला ऑटो १,२००, जेवण ६००, आईची मजुरी १,२००. एकूण १३,४००. यात निम्मा पैसा एकट्या गावातल्या ऑटोचा. शेजारची कुणी मैदानावर येत असेल आणि आलटून-पालटून एकच मोठी बाई दोघींना नेत असेल तर ऑटोचेच दीड-दोन हजार वाचतात.

बौद्धिक अक्षमता असलेला १४ वर्षांचा मुलगा.
बूट १,६००, चेंडू वगैरे ५००, निरामय ५००, एक्स-रे ४००, डॉक्टर-फिजिओ ६००, आईसह यवतमाळच्या दोन फेऱ्या ५७०, जेवण ३००, दोन दिवसांची मजुरी ६००. एकूण ५,०७०.

म्हणजे वर्षाला पाच ते साडेतेरा हजार. मानधनाशी ताडून पाहिलं तर महिन्याच्या २,५०० पैकी सव्वाचारशे ते सव्वाअकराशे. तिन्ही याद्यांत सामानाच्या तुलनेत जाण्या-येण्याचा आणि सोबतीचा भाग किती आहे ते पाहा. पैसे वाचवायचे तर तिथे वाचवा, बुटांत नको.

८. या महिन्यात करायचं ते

१. यूडीआयडीचा अर्ज किंवा जुन्या प्रमाणपत्राचं रूपांतर. खर्च २०० च्या आत.
२. रेल्वेच्या ओळखपत्राचा अर्ज.
३. ग्रामीण रुग्णालयात तपासणी, वर दिलेले प्रश्न लिहून नेऊन.
४. आपल्या भागातले आणखी दोन-तीन जण शोधून ऑटो आणि सोबत वाटून घेणं.
५. सकाळी अर्धा तास मैदान, आठवड्यातून पाच दिवस. सहा आठवडे हे टिकलं तरच गोळा, रॅकेट किंवा पट घेणं.
६. आठ-दहा सह्यांचा अर्ज नगरपरिषदेकडे, ५ टक्के निधीतून मैदानाच्या सोयींसाठी.

मैदानावर यायला मज्जाव झाला, सवलत नाकारली किंवा अर्जाला उत्तरच आलं नाही, तर लेखी तक्रार करा. २०१६ च्या कायद्याच्या ३० व्या कलमात खेळांत दिव्यांगांचा सहभाग सरकारने वाढवावा, असं स्पष्ट लिहिलं आहे. अर्जात ते कलम नावानिशी टाका. स्थानिक पातळीवर दाद लागली नाही तर पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे अर्ज पाठवता येतो. साध्या कागदावर, पोचपावतीच्या प्रतीसह, स्पीड पोस्टाने. त्यालाही शंभर रुपयांच्या वर खर्च येत नाही.